चोडणची ओहोटी

पहाटे चारला तुम्ही पुनावळ्यातून गाडी काढता. सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा होतोय. बायपासखालच्या भुयारी मार्गातून न थांबता गाडी निघते ती याच वेळेला. मागे राहते पवना. तिचं पाणी मुळेत, भीमेत, मग कृष्णेत मिसळून थेट बंगालच्या उपसागराला लागतं, आणि गंमत म्हणजे तिकडे मुखाशी त्यालाही खारफुटीच भेटते. पण तुम्हाला आज पश्चिमेची पाहायची आहे. साडेचारशे किलोमीटर, आंबोलीचा घाट, पणजी, तिथून रायबंदरला नेणारा सरळसोट रस्ता. तो तुम्ही चार मिनिटांत संपवता आणि विसरूनही जाता.

फेरीबोट मांडवी ओलांडून चोडण बेटाला टेकते. धक्क्यापासून जवळच पाटी: डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. 178 हेक्टर, म्हणजे हिंजवडीच्या आयटी पार्कात कुठल्या कुठे हरवेल एवढंच. आतल्या खाड्यांत होडी जाते ती भरतीलाच. होडीवाले काका पाण्याकडे बघत नाहीत, काठावरच्या ओल्या रेघेकडे बघतात.

‘हालूं नाकात,’ एवढंच ते सांगतात.

तुम्ही हलत नाही. दोन्ही बाजूंनी कांदळाची मुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली. तिवराखाली चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी श्वासमुळं वर आलेली. चिखलात हवा नाही, म्हणून हे झाड नाक वर काढून जगतं. काका तिवराचं पान पुढे वाकवतात. जीभ लावा. खारट. मुळांनी गाळूनही जे मीठ आत आलं, ते झाड पानावाटे टाकून देतं. कांदळाच्या फांदीला लांब हिरव्या शेंगा लोंबताहेत असं तुम्हाला वाटतं. त्या शेंगा नव्हेत, रोपं आहेत. बी झाडावरच रुजतं आणि कोंब हातभर वाढला की सुटतो. खाली चिखल उघडा असेल तर तिथेच रुततो, पाणी असेल तर तरंगत दुसरं गाव बघतो. निवट्या चिखलावर टुणटुण उड्या मारताहेत. मासे आहेत, पण कुणी तसं सांगितल्यावाचून पटायचं नाही.

पहिलं वळण. पक्षी बघायचा मनोरा मघाशी होता तिथे नाही. काकांचे केस काळे झालेत. साल 1988. सलीम अली आदल्या वर्षीच्या जूनमध्ये गेले आणि त्यांच्या नावाने या रानाला नुकतंच संरक्षण मिळालंय. काठावर एक बाई चुलीसाठी वाळकी काटकी मोडतेय. तुम्हाला बघून ती हात मागे घेते. तुम्ही वनखात्याचे वाटला असाल.

दुसरं वळण. पलीकडच्या तीरावर माणसांची न संपणारी रांग, डोक्यावर दगड. 1633. लिन्यारिशचा काउंट, पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय, दलदलीतून पणजी ते रायबंदर तीन किलोमीटरचा सेतू बांधून घेतोय. तुम्ही चार मिनिटांत संपवलेला रस्ता तो हाच. खालचा चिखल दगड गिळतोय आणि वरून दगड येतच आहेत.

तिसऱ्या वळणावर रात्र पडते. सोळावं शतक. समोरून एक होडी येते, दिवा नाही, वल्ह्याचा आवाज होऊ नये म्हणून माणूस ती बांबूने ढकलतोय. मध्ये फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी वजनदार. वाऱ्याने फडकं सरतं आणि तुम्हाला दगडाचा एक चेहरा दिसतो, त्याला बिलगून एक लहान मूल. चोडणची देवकी आणि तिचा कृष्ण. फिरंग्यांच्या हाती लागू नये म्हणून गाव देव हलवतंय. आधी मयेला, पुढे माशेलला. ती आजही माशेलला आहे, आणि आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तिच्या देवळापुढच्या मैदानात चिखलकाला रंगतो. आईला चिखलातून नेली आणि लेकाचे खेळ चिखलातच राहिले. (हा संबंध माझा, पुराणिकबुवांचा नव्हे.)

होडी कांदळात शिरते. मुळांची ती जाळी मागून कुणी यायचं म्हटलं तर येऊ देत नाही.

मग उजाडतं. 1526. अफोंसो मेशिया नावाचा अधिकारी या बेटांवरच्या गावकऱ्यांचे जुने रिवाज कागदावर उतरवून घेतोय. त्यांची गावकारी म्हणजे गावची सामाईक व्यवस्था. ती फिरंग्यांहून कितीतरी जुनी. तिने काय सांभाळलं ते बघायला तुम्ही बांधावर चढता. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खाडीच्या पातळीहून खोल असलेलं हिरवंगार शेत. याला खाजन म्हणतात. भात कोरगुट जातीचं, थोडं मीठ सोसणारं. बांधात एक दार आहे, मानस. लाकडी झडपा, कुलूप नाही, राखणदार नाही. तुम्ही वाकून बघता. ओहोटीला आतलं पाणी झडपा ढकलून बाहेर पडतंय. मग खाडी क्षणभर थबकते, उलटते, आणि तेच पाणी आता बाहेरून झडपांवर रेटा देतं. धप्प. दार बंद. भरतीनेच भरतीला बाहेर ठेवलं. दाराशी लावलेल्या जाळ्यात कोळंबी तडफडतेय. त्या जाळ्याचा लिलाव होतो, आणि तो कुणी घ्यायचा यावरून भांडणंही.

बांधाच्या बाहेरच्या अंगाला कांदळाची रांग राखलीय. लाटेचा पहिला मार ती खाते. संरक्षित खारफुटी बघायला तुम्ही आलात. इथे खारफुटी संरक्षण करतेय. ‘माणसाचा हात न लागलेलं रान’ असं आपण कौतुकाने लिहितो, मीही लिहिलंय, पण गोव्यातलं बरंचसं कांदळवन फुटलेल्या बांधाच्या आत उगवलेलं आहे. कुळाने शेत सोडलं, मानस कुजला, खारं पाणी शिरलं, त्यामागून तिवर आला. एकदा तो आला की कायद्याने तोडता येत नाही, आणि शेत परत मिळत नाही. पुनावळ्यात 1997 साली महापालिका आली, आणि शेतकऱ्याने सोडलेल्या रानात टॉवर उगवले. इथे जागा सोडली की कांदळ येतो, एवढाच फरक, आणि तो काही थोडा नाही.

शेवटचं वळण. इथे साल नाही, बांधही नाही. चिखल, पाणी, पुन्हा चिखल. बेट कुठे संपतं ते सांगता येत नाही. ओहोटी लागलीय. पन्नासएक माणसं गुडघाभर गाळात ओळीने उभी आहेत, बाया, पोरं, म्हातारे, आणि हातोहात पाट्या सरकताहेत. ओळीत एक जागा रिकामी आहे. कुणी विचारत नाही तुम्ही कुठले. तुम्ही बूट काढून उतरता आणि ओल्या गाळाने भरलेली पाटी तुमच्या हातात येते, वाटली होती त्याहून जड. डावीकडची म्हातारी घाई करा म्हणून खाडीकडे हनुवटी उडवते. काठावरची ओली रेघ वर सरकू लागलीय. तुम्ही पाटी पुढे देता आणि दुसरीसाठी हात मागे करता.