नोकरी गेली? ईएसआयचा बेरोजगार भत्ता कसा मिळवायचा आणि अडलेले पैसे कसे सोडवायचे

मुरबाडची औद्योगिक वसाहत, आसनगावचे कारखाने, भिवंडीकडची गोदामं. शहापूर-मुरबाडच्या आपल्या वस्त्यांमधली बरीच मुलं इथे ठेकेदारामार्फत कामाला आहेत. काम संपलं की "उद्यापासून येऊ नको" एवढा निरोप मिळतो. पगारातून दरमहा ईएसआय कापला जात असेल, तर त्याच कपातीवर बेरोजगारीत पैसे मिळू शकतात, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

ही सरकारची मेहेरबानी नाही. १२ हजार पगारावर कामगार महिन्याला ९० रुपये भरतो, मालक ३९० भरतो. आणि या विम्याचा पाया बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना घातला गेला: प्रा. बी. पी. आदारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, कायदा १९४८ मध्ये झाला.

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ ला ती सुरू झाली तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे. २०२० मध्ये ते ५० टक्के झाले. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. योजना कायमची नाही, तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात चालू मुदत विचारून घ्या.

हिशोब असा: शेवटच्या चार अंशदान कालावधींची एकूण कमाई भागिले ७३०. (एप्रिल ते सप्टेंबर हा एक कालावधी, ऑक्टोबर ते मार्च दुसरा.) दोन वर्षं सलग १२ हजार पगार असेल तर रोजची सरासरी सुमारे ३९४ रुपये, त्याचे निम्मे १९७. नव्वद दिवसांचे साधारण १७ हजार ७०० रुपये. खाडे असतील किंवा मध्ये काम बंद असेल तर आकडा खाली येतो.

अटी: नोकरी जाण्याआधी सलग दोन वर्षं विमा असलेली नोकरी, लगतच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान, आणि आधीच्या तीनपैकी एका कालावधीत पुन्हा ७८ दिवस. गैरवर्तनावरून काढलेल्याला, निवृत्त झालेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला भत्ता नाही. बेरोजगारीचे ३० दिवस झाले की अर्ज करता येतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो. तो मालकामार्फतच जावा ही जुनी अट आता नाही, थेट शाखेत दावा देता येतो. ठेकेदाराच्या मागे फिरत महिने घालवू नका.

आता खरी अडचण. मालक दरमहा अंशदान भरतो तेव्हा कामगार गेला तर त्याचं कारणही नोंदवतो: 'नोकरी सोडली', 'कामगार कपात', 'काम नाही' वगैरे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला काम संपलं म्हणून घरी बसवलं होतं, पण शेवटचा पगार देताना छापील राजीनाम्यावर सही घेतली. नोंद झाली 'नोकरी सोडली'. ती निस्तरायला जेवढ्या खेपा झाल्या, तेवढ्यात दुसरं काम मिळालं असतं. सही करण्याआधी कागद वाचा, फोटो काढा. नोकरी चालू असतानाच ईएसआयच्या पोर्टलवर आपले अंशदानाचे दिवस तपासत राहा.

दुसरा घोळ दोन विमा क्रमांकांचा. ठेकेदार बदलला की नवा माणूस जुना क्रमांक न विचारता नवा काढतो, दिवस दोन ठिकाणी विभागले जातात आणि ७८ भरत नाहीत. क्रमांक आयुष्यभर एकच असतो. दोन निघाले असतील तर दोन्ही कार्डं घेऊन ते एकत्र करण्याचा लेखी अर्ज शाखेत द्या.

दावा मंजूर झाला पण पैसे आले नाहीत, तर आधी बँकेत जा. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात. जुना आयएफएससी कोड नोंदलेला असेल तर पैसे परत जातात. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, केवायसी दिल्यावर सुरू होतं. आधारवर एक नाव, विम्यात दुसरं, हेही नेहमीचं: कांबळे, कांबळी एवढ्या फरकावर दावा अडतो.

ठेकेदाराने कापलं पण भरलंच नाही? १९४८ च्या कायद्याच्या कलम ४० ने ठेकेदाराच्या कामगारांचं अंशदान भरण्याची पहिली जबाबदारी मूळ कंपनीवर टाकली होती. पगारपत्रक, गेटपास, बँकेचं स्टेटमेंट जोडून महामंडळाच्या ठाणे उपक्षेत्रीय कार्यालयात तक्रार करा आणि पोच घ्या. टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६. तिथून हललं नाही तर केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर जा.

ज्यांचा ईएसआय कधीच कापला नाही, त्या वीटभट्टीवरच्या आणि शेतातल्या मजुरांसाठी दार वेगळं आहे: रोजगार हमी. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तत्त्व घालून दिलं की लेखी मागणीनंतर १५ दिवसांत काम नाही तर भत्ता, पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा. पण तोंडी मागणीला किंमत नाही. तारखेची पोच नसेल तर १५ दिवस मोजायचे कुठून? ग्रामपंचायतीत गटाने जा, एका दिवशी सगळ्यांचे अर्ज द्या, आणि पोच हातात पडल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.