खोजी आणि वाटाड्या

सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावर मुदखेड आणि धर्माबाद यांच्या दरम्यान उमरी हे स्थानक आहे. गोदावरीच्या उत्तरेकडील हा मुलूख शेतीचा. परंतु भोकर ओलांडले की टेकड्या सुरू होतात, सागवान दिसू लागते आणि किनवटच्या बाजूस जाता जाता पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील अरण्य लागते. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरचे अभयारण्य, आणि आणखी पूर्वेस चंद्रपूरचे ताडोबा. सुटी लागली की हल्ली अनेक कुटुंबे मुलाबाळांसह तिकडे वाघ पाहावयास निघतात. या सहलीस सर्वत्र ‘सफारी’ म्हणतात. शब्द आफ्रिकेतील स्वाहिलीतून इंग्रजीमार्गे आला खरा. पण त्याचे मूळ अरबी ‘सफर’ होय, आणि तो शब्द मराठवाड्याच्या बोलीत फार पूर्वीपासून नांदत आहे. जग फिरून तो घरी परतला. येताना मोटार मात्र घेऊन आला.

या सफरीत पुढे बसून वाट दाखविणारा जो मनुष्य, त्याची परंपरा मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. १९४८ पर्यंत उमरीचा प्रदेश निजामाच्या राज्यात मोडत असे. त्या काळी वाघ पाहणे म्हणजे वाघ मारणे, एवढाच अर्थ थोरामोठ्यांस ठाऊक होता. पाहुणा येण्यापूर्वी कित्येक दिवस गावचा खोजी ओढ्याची वाळू धुंडाळी, पावलांच्या ठशांवरून नर की मादी, माग ताजा की शिळा, हे ठरवी. मग हेला बांधला जाई, मचाण उभे राही, आणि नेमल्या दिवशी हाकारे डबे बडवीत रान उठवीत. साहेबाचे काम शेवटच्या क्षणी बंदुकीचा चाप ओढण्याचे. एप्रिल १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याच राज्यात, वरंगळकडील नेकोंड्यानजीक शिकारीस आले होते. मारलेल्या वाघासह लाटसाहेब व त्यांच्या पत्नी यांचे राजा दीनदयाळ यांच्या चित्रशाळेचे छायाचित्र आजही पुस्तकांतून छापले जाते. चित्राखाली नाव लाटसाहेबांचे. ज्याने माग काढला, त्याचे नाव तेथे नाही.

पक्ष्यांचा अभ्यासही आरंभी बंदुकीनेच झाला, हे सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटेल. १९३१ मध्ये सलीम अली यांनी निजाम सरकारच्या साहाय्याने हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. गाव सोडून रानात तळ ठोकावयाचा, पक्षी टिपावयाचे, कातडी भरून नमुने सिद्ध करावयाचे, असा तो क्रम होता. कारण पक्षी प्रत्यक्ष हाती आल्यावाचून त्याची जात निश्चित झाली असे शास्त्रज्ञ सहसा मानीत नसत. लाटसाहेबांचा बार आणि हा बार यांस एका मापाने मोजणे न्याय्य होणार नाही. या पाहणीचे वृत्तांत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि १९४१ मध्ये त्याच सलीम अलींनी भारतीय पक्ष्यांवर जे सचित्र पुस्तक लिहिले, त्यामुळे बंदूक ठेवून दुर्बीण घेणे सामान्य गृहस्थासही शक्य झाले.

अरण्यांचे दैवही याच सुमारास पालटत होते. १९३५ मध्ये ताडोबात शिकारीस बंदी झाली. १९३६ मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. तेच पुढे कॉर्बेट या शिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याचा गौरव होतो. परंतु घोषणा झाली तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मचाणावरचा उरलासुरला साहेबही खाली उतरला.

खोजी मात्र राहिला. मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या फाटकावर पहाटे उघड्या जिप्सीत चालकाशेजारी जो वाटाड्या चढतो, तो बहुधा जवळच्याच गावचा असतो. अलीकडे तेथे स्त्रियाही हे काम करू लागल्या आहेत. त्याचे शास्त्र जुनेच. रस्त्याच्या धुळीत उमटलेल्या ठशावर कोळ्याने जाळे विणले असेल, तर वाघ रात्रीच निघून गेला. वानर उंच फांदीवरून खाकरले, चितळाने तीक्ष्ण शीळ घातली, तर कान द्यावा. पण चितळ उगाचही भिते. सांबर सहसा खोटे बोलत नाही. ते एकाच जागी पाय आपटून ओरडू लागले की गाडी थांबवावी आणि गप्प बसावे. हे गप्प बसणेच शहरी मंडळींस जड जाते. वाघ न दिसल्यास सफर वाया गेली असे मानून कित्येक जण वाटाड्यावरच रुसतात, आणि तळ्याकाठचा मत्स्यगरुड, वाळक्या फांदीवरचा नीलकंठ, गाडीसमोरून पळणारी रानकोंबडी यांकडे ढुंकूनही पाहात नाहीत. बक्षिसी वाघाची असते, नीलकंठाची नसते. मग वाटाड्याही चालकास गाडी पिटाळावयास सांगतो, आणि एकाच वाघाभोवती दहा गाड्या जमतात. हा दोष त्याचा कमी आणि गाडीत मागे बसलेल्यांचा अधिक.

त्याने गमावलेही पुष्कळ. ताडोबा हे नावच मुळी तारू या गोंड पुरुषाचे. वाघाशी झुंजताना तो मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. तळ्याकाठी त्याचे स्थान असून पौष महिन्यात तेथे आदिवासी जमत आले. परंतु वाघास मोकळे रान हवे म्हणून बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी अशा आतील गावांची वस्ती बाहेर हलविण्यात आली. वाघ वाढले, हे खरे. ज्याच्या आजाने त्या रानात मोहफुले वेचली, त्याला मात्र आता फाटक उघडण्याच्या वेळी आत जावयाचे आणि बंद होण्यापूर्वी बाहेर पडावयाचे, तेही परक्यांच्या तिकिटावर.

फाटकांचे हे वेळापत्रक वाघास लागू नाही. टिपेश्वरच्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये संशोधकांनी रेडिओपट्टा बांधला. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणातील आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, असे जिल्हे ओलांडीत तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाट बहुतेक रात्रीची. ओढ्यांच्या कडेने, उभ्या पिकांतून, हमरस्ते ओलांडून. ती सारी पट्ट्याच्या संकेतांवरून नकाशावर उतरली. वाटेतील कितीतरी गावे त्या रात्री झोपलेली होती.