पाच स्टार आणि डहाणूचं धुरांडं

परवा बोरिवलीच्या घरासाठी एसी घेतला. स्टार मोजले, पाच! मग सवयीने डोक्यात किडा वळवळला, ही भानगड सुरू कधी झाली?

त्यासाठी आधी डहाणूला जायला हवं. १९९१ मध्ये केंद्राने हा चिकूच्या बागांचा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. पण तिथल्या ५०० मेगावॅटच्या कोळसा प्रकल्पाला परवानगी आधीच मिळालेली. स्थानिक लोक थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तरी १९९५ मध्ये प्रकल्प सुरू झालाच. वीज मुंबईच्या उपनगरांना, म्हणजे आम्हाला. राख नि धूर डहाणूला. धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसायला २००७ उजाडलं.

आणि आमची उधळपट्टी? तिला हात घालणारा ऊर्जा संवर्धन कायदा आला २००१ मध्ये. उपकरणांची मानकं केंद्र ठरवणार, तपासणीचे अधिकार राज्यालाही. स्टार लेबल आलं २००६ मध्ये, तेही ऐच्छिक. एसीला सक्ती झाली २०१० मध्ये. म्हणजे धुरांडं आधी, काटकसर पंधरा वर्षांनी!

स्टारमुळे धुरांडं बंद पडत नाही, मान्य. पण तेवढ्याच गारव्याला कोळसा कमी जळतो. दुकानात आपण फक्त आपलं बिल बघतो... डहाणूचंही बघायला हवं.