ट्यूनरच्या खुणांवरून अँटेनाचा संरोध

हौशी रेडिओचालकांचा, म्हणजेच 'हॅम'चा, प्रक्षेपक ५० ओहमच्या भाराला जोडला जाईल अशा बेताने बनवलेला असतो. अँटेनाचा संरोध, अर्थात इम्पिडन्स, मात्र त्याची लांबी, जमिनीपासूनची उंची आणि वारंवारता यांनुसार बदलतो. मोकळ्या अवकाशातील अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलचा संरोध सुमारे ७३ ओहम असतो. गच्चीवर कशीबशी ताणलेल्या तारेबाबत असा आकडा गृहीत धरता येत नाही. ही तफावत ट्यूनर मिटवतो. त्याची बटणे फिरवून एसडब्ल्यूआर मीटरवर १:१ असे प्रमाण दिसले, की बहुतेकांचे समाधान होते. पण ती बटणे ज्या खुणांवर थांबली, त्यांवरून अँटेनाविषयी बरेच काही कळू शकते.

जुळणी झाल्यावर प्रक्षेपक काढून त्याजागी ५० ओहमचा रोधक लावला आणि अँटेनाच्या बाजूने ट्यूनरचा संरोध मोजला, तर रोध अँटेनाइतकाच आणि रिअॅक्टन्स तेवढाच, पण उलट चिन्हाचा आढळतो. कॉइल व कपॅसिटरची मूल्ये ठाऊक असतील तर मोजणीऐवजी गणितही चालते. समजा, ७ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपकाच्या बाजूने एकसरीत २.२७ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि अँटेनाला समांतर १८२ पिकोफॅरडचा कपॅसिटर असताना जुळणी झाली. तर भार २५० ओहमचा निव्वळ रोध आहे. त्याच कॉइलसह कपॅसिटर १३६ पिकोफॅरडवर जुळला, तर उरलेली धारिता भारच पुरवतो. तेव्हा भारात २०० ओहम रोध व एकसरीत १०० ओहम धारितीय रिअॅक्टन्स असतो.

तबकडीवरचे अंक मायक्रोहेन्री वा पिकोफॅरड नसतात, हे विसरून चालत नाही. अँटेनाच्या जागी ज्ञात मूल्यांचे रोधक लावून, अत्यल्प शक्तीवर जुळणी करून खुणांचा तक्ता आधीच तयार करावा लागतो. दोन कपॅसिटर व एक कॉइल असलेल्या 'टी' जोडणीत एकाच भारासाठी अनेक जुळण्या शक्य असतात. त्यांपैकी काहींत कॉइल बरीच शक्ती उष्णतेत घालवते, तरीही मीटर निर्दोष जुळणीच दाखवतो. वरचे गणित शक्तीचा व्यय शून्य मानते. त्यामुळे अशा वेळी उत्तर फसवे ठरते. अल्प रोधाच्या आखूड अँटेनाबाबत हा धोका अधिक.

शिवाय मिळालेला आकडा ट्यूनरच्या अग्रापाशी दिसणारा असतो, अँटेनाचा नव्हे. अर्ध्या तरंगलांबीची केबल तोच संरोध पुन्हा दाखवते. घन पॉलिथीन भरलेल्या, ६६ टक्के वेगाच्या केबलसाठी ७ मेगाहर्ट्झवर ही लांबी सुमारे १४.१ मीटर येते. पाव तरंगलांबीची ५० ओहमची केबल मात्र २५ ओहमला १०० ओहम करून दाखवते. लांब, जुनी केबल परावर्तित शक्ती वाटेतच शोषत असल्याने ट्यूनरपाशीचे उत्तर ५० ओहमकडे झुकते आणि अँटेना आहे त्यापेक्षा चांगला भासतो.