वाटणीचा खर्च कोणाच्या नावावर?

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आबाजींचे कागद आहेत: सातबाऱ्याचे उतारे, वकिलाच्या फीच्या पावत्या, तारखांच्या नोटिसा आणि सख्ख्या भावाला लिहिलेली, पण कधी टाकलीच नाहीत अशी पोस्टकार्डं. मूलकडच्या पाच एकर धानाच्या जमिनीसाठी दोघे भाऊ एकोणीस वर्षं कोर्टात भांडले. निकाल लागेपर्यंत केसच्याच खर्चापायी दीड एकर विकून झाली होती. ती दीड एकर बटईने कसणाऱ्या माणसाला कोणी काही विचारलं नाही. नवा मालक आला आणि त्याचं काम गेलं.

चंद्रपूरच्या जटपुरा गेटखालून जाताना मला हीच पेटी आठवते. कारण हे अख्खं शहरच एकदा असं वाटणीत गेलं होतं.

तेव्हा त्याचं नाव चांदा. आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, त्याआधी तोही याच जिल्ह्यात होता. चांद्याचा परकोट गोंड राजांचा. १७४९ मध्ये राजा निळकंठशहाला आपल्या वसुलाचा दोन-तृतीयांश हिस्सा नागपूरच्या रघूजी भोसल्यांना द्यायचं कबूल करावं लागलं. दोन वर्षांत रघूजींनी उरलेला हिस्साही घेतला आणि राजा कैदेत गेला.

१७५५ मध्ये रघूजी वारले. मागे चार मुलगे. जानोजी वयाने थोरले, पण धाकट्या राणीचे. मुधोजी थोरल्या राणीचे. गादी कोणाची? भांडण पुण्याला, नानासाहेब पेशव्यांच्या दरबारात गेलं. जानोजींना सेनासाहेबसुभा हे पद मिळालं. मुधोजींना सेनाधुरंधर हा किताब आणि वाटणीत चांदा. बिंबाजींकडे छत्तीसगड गेलं.

या निवाड्याला फी होती, तिचं नाव नजराणा. न्यायाधीशालाही पैशाची गरज होतीच. नानासाहेबांचे वडील बाजीराव कायम कर्जात असत. सावकारांनी जीव कसा नकोसा केलाय, हे त्यांनी ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रांतून कळवलं होतं. गंमत म्हणजे हे स्वामी स्वतःच त्यांचे एक सावकार होते! मोहिमेला कर्ज, कर्ज फेडायला नवी मोहीम, असं ते चक्र. बाजीराव गेले तेव्हा मुलाला पेशवेपद मिळालं आणि त्याबरोबर देणंही.

त्या काळात ‘वकील’ म्हणजे कोर्टातला नव्हे, तर दुसऱ्याच्या दरबारी आपली बाजू मांडणारा माणूस. भोसल्यांची अशी बोलणी करणारे देवाजीपंत चोरघडे पेशवाईच्या प्रसिद्ध साडेतीन शहाण्यांपैकी एक. पण शहाणपणाने भाऊबंदकी मिटत नाही. १७६९ मध्ये माधवराव पेशवे जानोजींवर चालून आले, नागपूर लुटलं गेलं, चांद्याला वेढा पडला. जानोजींनी उलट पुण्याकडे मोर्चा वळवला तेव्हा तो उठला. शेवटी कनकापूरच्या तहात जानोजींनी दरसाल पाच लाख एक रुपया द्यायचं मान्य केलं. १७७२ मध्ये जानोजी वारले, आणि २६ जानेवारी १७७५ ला नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजींनी सावत्र भाऊ साबाजीला पिस्तुलाने गोळी घालून मारलं.

आता तो एक रुपया कुठून येत असेल, याचा विचार करा. नागपूरला पैसा लागला की गावाच्या पाटलावर किस्त चढायची. पीक हाती नसेल तर पाटील सावकाराच्या दारात, आणि सावकाराचं व्याज पुन्हा कुणब्याच्या खळ्यावर. मुधोजींचा मुलगा दुसरा रघूजी याने १८०३ च्या देवगावच्या तहात कटक आणि वऱ्हाड गमावलं. ती तूट त्याने उरलेल्या रयतेकडून इतकी ओरबाडून काढली, की लोक राजाला ‘बडा बनिया’ म्हणू लागले.

हे फक्त आपल्याकडचं नाही. त्याच काळात अमेरिकेत व्हर्जिनियाचे जमीनदार लंडनच्या व्यापाऱ्यांच्या देण्यात बुडाले होते. थॉमस जेफरसनला १७७३ मध्ये सासऱ्याकडून जमीन आणि गुलाम मिळाले, त्यांच्यासोबत सासऱ्याचं कर्जही. ते त्याला आयुष्यभर पुरलं. तो १८२६ मध्ये वारला आणि पुढच्याच जानेवारीत त्याच्या घरी लिलाव झाला. विकायला काढली होती १३० माणसं. कर्जाच्या एकाही कागदावर त्यांची सही नव्हती.

इतिहासात आपण सही करणाऱ्यांची नावं पाठ करतो: जानोजी, मुधोजी, जेफरसन. देणं फेडणारा मात्र कागदावर कुठेच नसतो. चांद्याचा परकोट वाटणीत कोणाला गेला हे मला सांगता येतं. पण आमची दीड एकर कसणाऱ्या माणसाचं नाव विचाराल तर ते त्या पेटीतल्या एकाही कागदावर नाही. मागच्या दिवाळीला मी आईला विचारलं. तिने पदर सावरला, थोडा वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, “आम्ही त्याला नुसतं ‘बटईवाला’ म्हणायचो रे.”