दुधावरची साय आणि उत्पन्नाचा दाखला

सरकारी नोकरीत मागासवर्गीयांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात, हे आता वाडीवाडीत ठाऊक आहे. पण मागास ठरलेल्या जातीत जन्म झाला म्हणजे राखीव जागेवर हक्क आलाच, असे मात्र नाही. इतर मागासवर्गीय उमेदवाराला जातीच्या दाखल्याबरोबर आणखी एक कागद हजर करावा लागतो. सरकारी मराठीत त्याचे नाव ‘उन्नत आणि प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र’. मालवणच्या बाजारपेठेत विचाराल तर लोक त्याला ‘नॉन-क्रिमिलेअर’ म्हणतील. हा कागद गरिबीचा दाखला आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. ती समजूत खरी नाही, आणि तिच्यापायी हक्क असूनही माणसे अर्ज करीत नाहीत. म्हणून या कागदाची जन्मकथा वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या बाजूला राखीव जागांचा आरंभ झाला तो घाटमाथ्यापलीकडे, करवीर संस्थानात. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी हुकूम काढला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. त्या हुकुमात उत्पन्नाची अट नव्हती. असणार तरी कशी? शिकलेला माणूसच जेथे दिवा घेऊन शोधायचा, तेथे त्यातला सधन कोण आणि निर्धन कोण हे पाहायचे कोणी? पुढे मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली. तिचा अहवाल १९३० साली आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या समितीचे सभासद होते. अस्पृश्य, आदिवासी आणि ‘इतर मागासलेले’ असे तीन वर्ग या समितीने वेगळे मांडले. तेव्हा मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यातच होता; हे वर्गीकरण आपल्यालाही लागू झाले.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ३४०व्या कलमाप्रमाणे पहिला मागासवर्ग आयोग २९ जानेवारी १९५३ रोजी नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते काकासाहेब कालेलकर. काकासाहेबांचा जन्म साताऱ्याचा, लिखाण पुष्कळसे गुजरातीत. पण आडनाव मात्र आपल्या सावंतवाडीकडच्या काळेली गावाचे. आयोगाने देशभरातल्या २३९९ जाती मागास म्हणून नोंदवल्या आणि ३० मार्च १९५५ रोजी अहवाल दिला. (साऱ्याच स्त्रियांना मागासवर्ग मानावे असेही त्यात सुचवले होते, बरे का!) गंमत अशी, की अहवालासोबत राष्ट्रपतींना लिहिलेल्या पत्रात खुद्द अध्यक्षांनीच जातीच्या कसोटीबद्दल शंका घेतली. मागासलेपण जातीवरून ठरवले तर जाती मोडण्याऐवजी त्यांना नवे बळ येईल, ही त्यांची धास्ती. केंद्र सरकारने तो अहवाल स्वीकारला नाही आणि १९६१ साली राज्यांना कळवले, की आपापल्या याद्या करा. पण जातीपेक्षा आर्थिक कसोटी लावलेली बरी. महाराष्ट्राने बी. डी. देशमुख समिती नेमली आणि १९६७ साली इतर मागासवर्गीयांची यादी केली, ती जातींचीच. आजही दाखला काढताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, तो या यादीमुळे.

म्हणजे एकीकडे जात, दुसरीकडे पैसा. निवड दोहोंपैकी एकाची, असा वाद वीस वर्षे चालला. दोन्ही कसोट्या एकापुढे एक लावण्याची वाट दक्षिणेत निघाली. केरळने मागास जातींतल्या १०,००० रुपयांवर वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना सवलतीतून वगळले आणि १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. त्याच्या आदल्या वर्षी, केरळच्याच दुसऱ्या एका खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी म्हटले होते, की मागासांसाठी ठेवलेला लाभ त्यांच्यातला वरचा थरच उचलून नेतो. त्यांनी वापरलेला ‘क्रिमी लेयर’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. आपल्याकडे त्याला दुधावरची साय म्हणता येईल.

मग आला मंडल आयोग. त्याचा अहवाल १९८० अखेरचा. परंतु तो दहा वर्षे पडून राहिला. १९९०च्या ऑगस्टमध्ये विश्वनाथ प्रताप सिंग सरकारने केंद्राच्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा जाहीर केल्या. त्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते प्रा. मधु दंडवते, आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १६ नोव्हेंबर १९९२ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. २७ टक्के कायम. पण मागासांतले जे पुढे गेले आहेत त्यांना बाजूला काढा, आणि त्यासाठीचे नियम चार महिन्यांत ठरवा. पुढे गेलेला कुळासह मागासांत बसला तर त्या वर्गाचे मागासपणच खोटे ठरते, असा त्यामागचा युक्तिवाद.

हे नियम न्या. रामनंदन प्रसाद यांच्या समितीने सुचवले आणि ८ सप्टेंबर १९९३च्या केंद्राच्या आदेशात ते आले. येथे मात्र शिक्षकांनी आणि बागायतदारांनी नीट ध्यान द्यावे. आदेशात माणूस तीन वेगवेगळ्या मापांनी मोजला आहे. नोकरदाराला माप हुद्द्याचे. आई किंवा बाप यांपैकी एक जण थेट वर्ग एकमध्ये भरती झालेला असेल, किंवा दोघेही थेट वर्ग दोनमध्ये असतील, तर मुले वगळली जातात. वर्ग दोनमधला बाप चाळिशीच्या आत वर्ग एकला पोचला, तरीही. जमिनीला माप क्षेत्राचे. ओलिताची जमीन कमाल धारणेच्या ८५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर मुले वगळली जातात. जमीन निव्वळ कोरडवाहू असेल तर कितीही असो, हा नियम लागतच नाही. आंब्याची बाग शेतजमीनच धरलेली आहे. उरलेल्यांना, म्हणजे व्यापार, धंदा, वकिली, डॉक्टरकी, घरभाडे यांवर जगणाऱ्यांना, माप रुपयांचे. आणि आदेश स्पष्ट सांगतो, की रुपये मोजताना पगार आणि शेतीचे उत्पन्न त्यात मिळवायचे नाही. ते आधीच दुसऱ्या मापाने मोजले गेले आहे. पुन्हा कशाला मोजायचे?

याचा अर्थ पाहा. जिल्हा परिषदेच्या शाळेत नवरा-बायको दोघेही शिक्षक आहेत. दोघांचा मिळून पगार मर्यादेच्या वर गेला. तरी ते वर्ग तीनचे. केंद्राच्या नियमाने त्यांची मुले वगळली जात नाहीत. देवगडच्या बागायतदाराची बाग फळली आणि पेट्या चांगल्या भावाने गेल्या, तरी त्या पैशाने त्याच्या मुलाचा हक्क बुडत नाही. पण तोच दुसऱ्यांचे आंबे विकत घेऊन वाशीला पाठवू लागला, तर ती शेती नव्हे, व्यापार झाला, आणि तो पैसा मोजला जाईल. रापणीत ओढणाऱ्या माणसाला मिळतो वाटा. आज टोपलीभर, उद्या काहीच नाही. त्याचे वार्षिक उत्पन्न तलाठ्याने लिहायचे तरी कसे, हा मोठाच प्रश्न. त्याला धीर देणारे दोन आधार १९९३च्या आदेशात आहेत. मर्यादा सलग तीन वर्षे ओलांडली तरच माणूस बाद होतो, एका बऱ्या हंगामाने नव्हे. शिवाय कारागीर आणि वंशपरंपरागत धंदा करणारे यांना वगळण्याचा नियम लावू नये, असेही त्यात लिहिले आहे.

शिक्षक-दांपत्याचा मुलगा आत आणि ट्रॉलर बाळगणाऱ्याचा मुलगा बाहेर, हे मला स्वतःला अवघड वाटते. हुद्दा पाहायचा तो समाजातली पत कळावी म्हणून, हे मान्य. परंतु खेड्यात मास्तरांची पत काही कमी नसते!

रुपयांची मर्यादा १९९३ साली १ लाख होती. रुपयाचे मोल घसरते, म्हणून दर तीन वर्षांनी ती पाहावी, असे आदेशातच आहे. प्रत्यक्षात पहिली वाढ व्हायला २००४ साल उजाडले, तेव्हा अडीच लाख झाले. २००८ साली साडेचार, २०१३ साली सहा आणि सप्टेंबर २०१७ मध्ये आठ लाख. या दिरंगाईत मर्यादेच्या काठावर असलेल्या किती घरांतली मुले वयाने बाद झाली असतील! महाराष्ट्रात २००४ पासून लागू झालेल्या आरक्षण कायद्याने अनुसूचित जाती व जमाती सोडून बाकीच्या साऱ्या प्रवर्गांना, भटक्या-विमुक्तांनासुद्धा, ही चाळणी लावली. अनुसूचित जातींना ती नाही, कारण अस्पृश्यतेचा डाग पैशाने धुतला जात नाही, असे मानले गेले. २०२४च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या सातपैकी चार न्यायमूर्तींनी तेथेही साय वेगळी काढावी असे मत दिले. केंद्र सरकारने घटनेत तशी तरतूद नाही असे लगेच सांगितले.

आणखी एक घोटाळा २०१९ पासून होतो. त्या वर्षी खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के जागा आल्या आणि तेथेही आकडा आठ लाखांचाच ठेवला. परंतु तेथे पगार आणि शेती, सारेच मोजतात. तेही मागील एका वर्षाचे. आकडा एकच, हिशेब निराळे. एका दाखल्याचा हिशेब दुसऱ्याला लावला, की उमेदवार फसलाच.

लग्न झालेल्या मुलींविषयी सांगायचे राहिले. नियम उमेदवाराच्या आईबापांची स्थिती पाहतो. उमेदवाराचा स्वतःचा पगार पाहत नाही, आणि नवऱ्याचाही नाही. आचऱ्याची मुलगी मुंबईतल्या मोठ्या दुकानदाराच्या घरी दिली, तरी सासरची मिळकत तिच्या आड येत नाही. तिने कागद जमवायचे ते माहेरचे.