घडीचा कॅमेरा आणि मागचं वावर

तर झालं असं, की मागच्या दिवाळीत यवतमाळच्या घराला रंग द्यायचा निघाला आणि लोखंडी कपाट भिंतीपासून सरकवावं लागलं. कपाटाच्या डोक्यावर कातडी केसमधला एक कॅमेरा आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. कॅमेरा आबाजींचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. डब्यात निगेटिव्ह. पुडक्यांना बांधलेली रबरं वितळून चिकटली होती. रंगाऱ्याला चहा देऊन मी डबा घेऊन गच्चीत बसलो आणि उजेडात एकेक धरून बघत सुटलो. त्या दिवशी घरकामात माझा काही उपयोग झाला नाही असं आई म्हणते, ते खरं आहे.

कॅमेरा म्हणजे आगफा आयझोलेट टू. जाड पाकिटाएवढा चपटा डबा. बटण दाबलं की पुढचं दार खाली पडतं आणि लोहाराच्या भात्यासारखा काळा भाता पसरत लेन्स बाहेर येऊन खटकन जागेवर बसते. आबाजींनी हा १९५९ च्या सुमारास नागपुरात कुणाकडून तरी जुना घेतला होता. केसमध्ये त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'उन्ह - ११ - १००. सावली - ४.५ - ५०.' मॅन्युअल संपलं!

थोडा इतिहास सांगतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली वणीपर्यंत उडी मारावी.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी वगैरे मंडळी तेव्हापासून कॅमेऱ्याच्या मागे होती. पण त्या काळी डोंगर-देवळांचा फोटो काढायचा म्हणजे काचेची प्लेट जागेवर रसायनात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. तंबू, बाटल्या, हमाल, सगळा संसार बरोबर. कोडॅकने गुंडाळीची फिल्म आणली आणि हा संसार सुटला. १९०१ मध्ये त्यांनी एका स्वस्त डबा कॅमेऱ्यासाठी १२० नंबरची फिल्म काढली. तीच फिल्म आजही मिळते, त्याच मापाची, पाठीवर तसाच कागद असलेली. आमच्या धंद्यात पाच वर्षांपूर्वीची फाईल उघडत नाही, आणि इथे सव्वाशे वर्षांचा फॉरमॅट चालू आहे. असो.

फिल्म रुंद, म्हणून कॅमेरा मोठा. तो खिशात जावा म्हणून भाता. १९२६ मध्ये ड्रेस्डेनला चार कंपन्या एकत्र येऊन झाईस आयकॉन झाली. तिने १९२९ पासून आयकॉन्टा आणि १९३४ मध्ये अंतर मोजणारा सुपर आयकॉन्टा काढला. म्युनिकच्या आगफाने त्याच वाटेने सामान्य माणसाला परवडेल असा आयझोलेट केला. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियनांनी झाईसचा नमुना उचलून १९४६ पासून मॉस्क्वा काढला. घडीचे कॅमेरे डोंगरावरही गेले. १९२४ मध्ये मॅलरी आणि आयर्विन एव्हरेस्टवर नाहीसे झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर कोडॅकचा वेस्ट पॉकेट होता असं मानतात. २०२४ मध्ये आयर्विनचं पाऊल बुटासकट सापडलं, कॅमेरा नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढी मोठी निगेटिव्ह कशाला? ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा ६ बाय ६ ची साडेतीन पट, ६ बाय ९ ची पाच पटीहून मोठी. मला वाटायचं दर्जासाठी. पण घरगुती कॅमेऱ्यांच्या बाबतीत मोठं कारण साधं होतं: निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, वरून दिवा दाखवून प्रिंट काढायची. एन्लार्जरची गरज नाही. निगेटिव्ह जेवढी, फोटो तेवढा. आपल्या अल्बममधले ते सव्वादोन इंची, कडा कुरतडल्यासारखे चौकोनी फोटो आठवतात? ते हेच. म्हणजे लेन्सने निगेटिव्हवर जे बारीक लिहून ठेवलं, ते त्या घरातल्या कुणीच कधी वाचलं नाही. अल्बममध्ये पोचली ती नुसती अनुक्रमणिका.

डब्यात एकशे चाळीसच्या आसपास निगेटिव्ह निघाल्या. बारसं, मुंज, आत्याचं लग्न, कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला गेलेला गोतावळा. दारव्हा-मोतीबागला शकुंतलेसमोर रांगेत उभी असलेली सात माणसं, आणि मागे अर्धं कापलेलं इंजिन. (मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं ते वाफेचं इंजिन पुढे एप्रिल १९९४ पर्यंत ओढत राहिलं. कापूस बाहेर नेण्यासाठी १९०३ मध्ये टाकलेली ही अडीच फुटी लाईन गेल्या दशकात बंद पडली. फेब्रुवारी २०२४ पासून वर्ध्याहून ब्रॉडगेज गाडी कळंबपर्यंत येते.) इंजिन अख्खं यावं असं आबाजींना वाटलं नाही. माणसं सातही आली पाहिजेत, एवढंच.

नुसत्या जमिनीचा, नुसत्या झाडाचा, नदीचा एकही फोटो नाही! ज्या माणसाच्या हातात निसर्गचित्रासाठी इतका सोयीचा कॅमेरा होता, जो सहस्रकुंडला जाऊन आला होता, त्याच्या सहस्रकुंडच्या फोटोत आजी आहे, मामेआजोबा आहेत, डबे सोडून ठेवले आहेत आणि पैनगंगा कोपऱ्यात पांढरी फेसाळलेली दिसते.

आधी मला हसू आलं. मग हिशेब केला. रोलमध्ये फोटो बारा. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कात्री आली, त्यामुळे परदेशी कॅमेरा आणि फिल्म दोन्ही जपून वापरायच्या वस्तू. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्समध्ये उत्पादन सुरू व्हायला १९६७ उजाडलं. बडोद्याला बनणारा आगफा क्लिक थ्री घरोघरी गेला तो साधारण त्याच सुमाराला. जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा माणूस बारापैकी एक फोटो 'रिकाम्या' जागेवर घालवणार? जागा कुठे पळून जाते? पळून जातात ती माणसं. नवरी सासरी जाते, म्हातारं मरतं.

दुसरंही एक कारण आहे, थोडं तांत्रिक. १९५६ पर्यंत कोडॅकची व्हेरिक्रोम ही लोकप्रिय फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती, म्हणजे लाल रंग तिला दिसतच नसे. निळं आभाळ कोरं पांढरं, लाल ते सगळं काळं. जुन्या फोटोंत बायकांचं कुंकू काजळासारखं काळं आणि सावळी माणसं आणखीच सावळी दिसतात, त्यात ह्या फिल्मचा हात आहे. आता आपल्या जिल्ह्याचं काय होईल बघा. यवतमाळात निसर्ग खरा रंगात येतो फाल्गुनात, पळस फुलल्यावर. ऑर्थो फिल्मवर फुललेला पळस जळाल्यासारखा काळा येणार, वर आभाळ पांढरं फटक. काढणाऱ्याने एकदा काढला तरी दुसऱ्यांदा कशाला काढेल? निसर्ग म्हणजे चिखलदरा आणि महाबळेश्वर, आपलं ते नुसतं वावर, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं का आहे त्याचं थोडं उत्तर मला इथे सापडलं. (सगळं नाही. आजही लग्नातला ड्रोनवाला वावरावरून उडतो तो मंडपाकडे बघतच.)

मग एक निगेटिव्ह हाती लागली. पाकिटावर लिहिलंय '१९६१, वावर'. वणीजवळ आमचं वावर होतं. फोटोत बंडीवर आजी, मांडीवर काका, बंडीचा दांडा धरून आठ वर्षांचे बाबा. मागे सपाट पऱ्हाटी आणि क्षितिजावर धुळीचे ठिपके. ही प्रिंट अल्बममध्ये आहे, मी शंभरदा बघितली असेन. ठिपके मला प्रिंटवरची घाण वाटायचे.

हे वावर आता नाही. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, नंतर वणीकडे उघड्या खाणी वाढत गेल्या आणि ऐंशीच्या दशकात आमचा तुकडाही त्यात गेला. भरपाई मिळाली. पण पंचनाम्यात आंब्याची झाडं लिहिली होती तीन. बाबा आयुष्यभर म्हणत आले, पाच होती. काका म्हणायचे, "दादाला सगळंच मोठं दिसते." आमच्याकडे हा वाद आंब्याच्या प्रत्येक मोसमात निघतो आणि आमरसाची वाटी रिकामी होईपर्यंत चालतो. कधीकधी वाटीनंतरही. मध्यंतरी दोन वर्षं दोघांत बोलणंच नव्हतं. कारण अर्थात नुसता आंबा नव्हता, पण सुरुवात तिथूनच झाली होती.

पुण्याला आल्यावर निगेटिव्ह २४०० डीपीआयवर स्कॅन केली. बाजू छप्पन्न मिलिमीटर, म्हणजे साधारण ५३०० पिक्सेल, म्हणजे २८ मेगापिक्सेल. पन्नाशीच्या दशकातल्या तीन भिंगांच्या लेन्समधून! क्षितिजावर शंभर टक्के झूम केलं. ठिपके म्हणजे झाडं. निगेटिव्हवर त्यांची उंची दोन मिलिमीटरही नाही, पण गोल डेरा, आखूड खोड, आंबाच. मोजली. पाच.

बाबांना लगेच सांगितलं नाही. का कोण जाणे, पण आधी तिथे जाऊन त्याच कॅमेऱ्याने फोटो काढावा असं डोक्यात बसलं.

आयझोलेटचे दोन रोग जगप्रसिद्ध आहेत. फोकसच्या आट्यांतलं हिरवं ग्रीस गोंदासारखं घट्ट होतं आणि भात्याच्या कोपऱ्यांना भोकं पडतात. ग्रीस काढायला चार संध्याकाळी गेल्या. भात्यासाठी अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च धरला तर तारांगण दिसलं. कापडावरचा काळा रंग काडीने लावला, वाळवला, पुन्हा लावला. पहिला रोल तरी वाया गेलाच, आणि तो माझ्या अज्ञानाने. पाठीवर लाल काचेची छोटी खिडकी असते, त्यातून कागदावरचा आकडा बघून फिल्म पुढे सरकवायची. ती काच लाल का? तर ऑर्थो फिल्मला लाल उजेड बाधत नसे म्हणून. आजच्या फिल्मला बाधतो. मी भर उन्हात खिडकी उघडी ठेवून हिंडलो आणि प्रत्येक फोटोवर गोल डाग आला. आणखी एक शिकलो: आधी कॅमेरा उघडायचा, मग फिल्म सरकवायची. उलटं केलं तर भाता पसरताना हवा ओढतो आणि ताणलेली फिल्म फुगते.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शनिवारी वणीला गेलो. रोल एफपी४, पिवळा फिल्टर, आबाजींच्या चिठ्ठीप्रमाणे ११ आणि १००. फोकस तेरा मीटरवर, म्हणजे साडेसहा मीटरपासून पुढे सगळं बऱ्यापैकी स्पष्ट. नाल्याचं वळण आणि धुऱ्यावरचे पळस एवढ्या खुणेवर जागा शोधली. नाला सापडला. पळस फुललेला होता. त्याच्या मागे जिथे क्षितिज असायला हवं, तिथे खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर. त्यावर बाभळी आल्या आहेत, लांबून बघितलं तर चांगला हिरवा डोंगर वाटतो. सपाट वणीत डोंगर! निसर्गचित्र म्हणून खरं तर वाईट नाही, आणि हे लिहिताना मला जरा अपराधी वाटतंय.

शेरडं चारणारा एक म्हातारा बराच वेळ बघत होता.

"काहाचा फोटो काढून राह्यले जी?"

"या जागेचा, काका."

"इथं त काहीच नाही."

"आमचं वावर होतं इथं. पाच आंबे होते."

त्याने ढिगाकडे बघितलं. "मंग खालतं असन," म्हणाला आणि शेरडांमागे गेला.

आठ फोटो काढले. चार उरले होते, त्यातला एक त्या म्हाताऱ्याच्या पाठीचा काढला. आबाजींचा नातू आहे शेवटी.

यवतमाळला परतून रात्री मोरीत फिल्म धुतली. डेव्हलपर वीस अंशांवर हवा आणि नळाचं पाणी त्याहून बरंच कोमट, म्हणून बादलीत बर्फ. सकाळी बाबांसमोर दोन प्रिंट ठेवल्या: १९६१ च्या निगेटिव्हच्या क्षितिजाची मोठी करून आणलेली, आणि तिच्याशेजारी ढिगाचा कालचा फोटो, लॅपटॉपवर. ढिगाकडे त्यांनी फारसं बघितलं नाही. चष्मा कपाळावर चढवून प्रिंट डोळ्यांजवळ नेली आणि बोट फिरवत डावीकडून सुरुवात केली.

"हा शेंदऱ्या. हा खोबऱ्या. हा गोटी, याला दरसाल येत नसे. हा शेप्या, तुझ्या आजीला आवडायचा नाही, लोणच्याला जायचा." मग थांबले. "आणि हा विहिरीजवळचा. याला नाव नव्हतं."

"बाबा, तुम्ही बरोबर होता."

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने आतून आवाज आला. "ऐक, काकाला एक प्रिंट पाठव. मोठी काढ. आणि बंडीसकट काढ, तो मांडीवर आहे ना."